व्हिजिटिंग कार्ड: हातकागद की रिसायकल्ड कागद?

दुकानाचं कार्ड पर्यावरणपूरक हवं म्हटलं की छापखानावाला दोन नमुने पुढे सरकवतो.

पहिला सुती हातकागद. सुती कापडाच्या चिंध्या-कातरणांच्या लगद्यातून तो बनतो, झाड तोडावं लागत नाही. पुण्याची हातकागद संस्था याच कामासाठी १९४० साली सुरू झाली. कार्ड हातात घेतलं की खरबरीत पोत बोटांना लागतो, न कापलेली कड नजरेत भरते. पण याच पोतावर बारीक अक्षरं आणि फोटो मार खातात. एक-दोन रंगांचं स्क्रीन प्रिंटिंग आणि ठसठशीत लोगो, एवढ्यावरच थांबावं. डिजिटल मशीनवर घालायला ऑपरेटर कुरकुरतोच.

दुसरा रद्दीपासून बनलेला रिसायकल्ड कागद. ऑफसेटवर चाररंगी काम बिनबोभाट होतं आणि हजारोंनी पत्रकं काढायची तर दरही झेपतो. रंग जरा मळकट असतो; मला तो आवडतो, सराफाला कदाचित नाही आवडणार.

कार्डाला हातकागद, पत्रकांना रिसायकल्ड, असं माझं मत. फक्त वर प्लास्टिकचं लॅमिनेशन चढवू नका. फिल्म चिकटलेला कागद पुन्हा लगद्यात घालणं अवघड असतं.