मुंबई कॉमिक कॉन: एप्रिलच्या तारखा कितपत सोयीच्या?

कॉमिक्स आणि आवडत्या पात्रांची वेशभूषा (कॉस्प्ले) करणाऱ्या चाहत्यांचा हा मेळा बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरला: २०२४ ला २०-२१ एप्रिल, २०२५ ला १२-१३ एप्रिल. यातली २०२५ ची निवड सरस. सोमवारी १४ एप्रिलची सुट्टी, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या मंडळींना रविवारी शेवटपर्यंत थांबता आलं. पगारही ताजा असतो, स्टॉलवाल्यांना हे फार महत्त्वाचं. दहावी-बारावीचे पेपर संपलेले असतात. पण राज्य मंडळाच्या पहिली ते नववीच्या परीक्षा त्या वर्षी २५ एप्रिलपर्यंत चालल्या, म्हणजे शाळकरी वाचक, ज्यांच्यासाठी कॉमिक्स हवीत तेच, अभ्यासात अडकले.

दुसरी अडचण उकाड्याची. हॉल थंडगार, पण कॉस्प्लेसाठी ईव्हीए फोमचं (हलक्या, लवचीक फोमचं) केलेलं चिलखत उन्हात उभ्या गाडीत राहिलं की हॉट ग्लूचे (वितळवून लावायच्या गोंदाचे) सांधे सुटतात. सांधे कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हने जोडा, दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकवून मगच दाबा. चिलखत आत गेल्यावर चढवा.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघाच. कुर्ल्याकडून येणाऱ्यांना तोच नडतो. आयोजकांनी डिसेंबरचा पहिला पंधरवडा जरूर विचारात घ्यावा: हवा बरी, वार्षिक परीक्षा लांब.