हँड्स-ऑन म्हणून पैसे घेतले, टेबलाला हात लावू दिला नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं मसाजचं किंवा बाळंतिणीच्या तेल-मालिशीचं काम करणाऱ्या सगळ्यांनी हे जरूर वाचावं. ‘डीप टिश्यू आणि प्रसूतीनंतरचा मसाज, पूर्ण हँड्स-ऑन (म्हणजे स्वतः हातानं करून शिकायचं), आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट’ अशी शिबिराची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नका. आमचे प्रत्येकी 14,500 रुपये गेले.

शिबिर टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये होतं. हॉल बायकांनी भरलेला आणि मसाज टेबल एकच. सर एका मुलीच्या पाठीवर हात फिरवायचे, आम्ही मागून माना उंच करून बघायचं, बाकी वेळ प्रोजेक्टरवर व्हिडिओ. हे काम बघून येतं का? कोपराखालच्या हातानं दाब देताना अंगाचं वजन किती टाकायचं, अंगठ्यावर ताण कसा येऊ द्यायचा नाही, हे शिकवणाऱ्यानं आपला हात धरून सुधारावं लागतं. नाहीतर गिऱ्हाइकाला त्रास होतो आणि आपला अंगठाही कामातून जातो.

खानापूरच्या एका ताईनं विचारलं, “सर, बाळंतिणीची एकच पोटरी सुजून दुखत असेल, गरम लागत असेल, तर काय करायचं?” सर म्हणाले, “जोरात रगडा, रक्त मोकळं होईल.” माझ्या अंगावर काटाच आला. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. अशा पायाला हात न लावता लगेच डॉक्टरांकडं पाठवायचं. मी उठून हे सांगितलं, तर “शंका शेवटी” म्हणून मला खाली बसवलं. सरांचं ऐकून कुणी तसं करत असेल, या विचारानं अजून झोप लागत नाही.

सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का आणि ‘आयएसओ 9001’. ते संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं, कोर्सच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. सरकारमान्य म्हणत असतील तर एनसीव्हीईटीची, म्हणजे व्यावसायिक शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या परिषदेची, मान्यता दाखवायला सांगा. एका टेबलावर किती जणी, हेही लिहून घ्या. आमच्यातली एक ते सर्टिफिकेट घेऊन गोव्याच्या स्पामध्ये गेली. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि ट्रायल द्यायला सांगितलं.

पैसे परत मागितले, तर “ऑफिस कोल्हापूरला आहे, तक्रार तिकडं करा” असं उत्तर. सीमाभागातल्या माणसाला हे ऐकवणं फार सोपं आहे. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सल्ल्यासाठी 1915 ला फोन करा. आम्ही काही जणी मिळून बेळगावात अर्ज करतोय. त्या हॉलमध्ये होता त्यांनी पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा मेसेज पुसू नका, अर्जाला जोडायला लागणार आहेत.