नील पिअर्टसाठी तीन तबकड्या : ‘मूव्हिंग पिक्चर्स’ची चाळिशीची आवृत्ती

रश या कॅनडातील रॉक त्रिकुटाचा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ हा अल्बम १२ फेब्रुवारी १९८१ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याची चाळिशीनिमित्त काढलेली आवृत्ती १५ एप्रिल २०२२ रोजी बाजारात आली. ही आवृत्ती अनेक रूपांत मिळते. मी येथे लिहितो आहे ते तीन सीडींच्या संचाविषयी. पहिल्या सीडीवर मूळ अल्बमची सात गाणी आहेत, आणि उरलेल्या दोन सीडींवर २५ मार्च १९८१ रोजी टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण एकोणीस तुकड्यांत दिलेले आहे. ते त्यापूर्वी कधीही प्रसिद्ध झालेले नव्हते आणि त्याचे मिश्रण अल्बमचा मूळ सहनिर्माता टेरी ब्राऊन याने जुन्या फितींवरून नव्याने केले आहे. संच हाती आला तेव्हा या त्रिकुटाचा ड्रमवादक आणि गीतकार नील पिअर्ट जगात नव्हता. मेंदूच्या कर्करोगाने ७ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ६७व्या वर्षी त्याचे निधन झाले होते. त्यामुळे वेष्टनावर वर्धापनाचा उल्लेख असला, तरी आमच्यासारख्या चाहत्यांनी हा संच त्याच्या आठवणीसाठीच घेतला आणि अजूनही त्याच भावनेने ऐकतो. या आठवणीला तो कितपत पुरा पडतो, एवढ्याच कसोटीवर मी त्याचे परीक्षण करणार आहे.

पिअर्टसाठी शोक करताना एक अडचण सुरुवातीलाच समोर येते. त्याचे आजारपण सुमारे साडेतीन वर्षे चालले, पण घरच्यांनी आणि मोजक्या मित्रांनी त्याचा शब्दही बाहेर जाऊ दिला नाही. मृत्यूची बातमीसुद्धा १० जानेवारीला, म्हणजे तीन दिवसांनी जगाला कळली. चाहत्यांच्या गराड्यात तो कधीच रमला नाही, आणि याच अल्बममधल्या ‘लाइमलाइट’ या गाण्यात त्याने ते स्वच्छ लिहून ठेवले आहे : प्रसिद्धीच्या झोतात उभ्या असलेल्या माणसाला परक्यांशी खोटी जवळीक दाखवणे जमत नाही, आणि त्याने ते करूही नये. ज्याने आपल्याला हात जोडून इतके स्पष्ट सांगितले, त्याच्या जाण्यावर आपण कोणत्या नात्याने रडायचे? माझ्या मते या संचाचे मोल याच प्रश्नाशी जोडलेले आहे. त्याने स्वतः आखून दिलेले अंतर न ओलांडता त्याच्यापाशी पोहोचण्याची वाट त्यात सापडते, कारण त्याने जे लोकांसाठी म्हणून केले, तेवढेच यात आहे आणि ते भरभरून आहे.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ऑन्टारिओ प्रांतातील हॅमिल्टन येथे जन्मलेला पिअर्ट १९७४च्या जुलैअखेर, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना, रशमध्ये आला. त्याचे वाचन अफाट होते, म्हणून त्रिकुटातल्या गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन या दोन साथीदारांनी गीतलेखनही त्याच्यावर सोपवले. तेव्हापासून शब्द पिअर्टचे, सूर त्या दोघांचे आणि गळा गेडीचा, अशी वाटणी अखेरपर्यंत टिकली. १९९७ साली त्याची एकोणीस वर्षांची मुलगी अपघातात गेली आणि वर्ष उलटण्याच्या आत पत्नी कर्करोगाने गेली. त्यानंतर त्याने मोटारसायकलवरून एकट्याने सुमारे ८८,००० किलोमीटर प्रवास केला, वादन जवळजवळ सोडून दिले, आणि २००२ साली तो पुन्हा साथीदारांसह नवा अल्बम घेऊन उभा राहिला. १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या फोरम सभागृहात त्याने त्रिकुटासह शेवटचे वादन केले. एरवी कार्यक्रम संपताच ड्रमच्या मागूनच निघून जाणारा हा माणूस त्या रात्री मंचाच्या पुढे आला आणि दोन्ही मित्रांच्या शेजारी उभा राहिला.

पुण्यात आम्ही काही जण दर जानेवारीत एरंडवण्यातल्या एका मित्राच्या घरी जमतो. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी हा अल्बम प्रथम ऐकला तो भरून घेतलेल्या कॅसेटवर. त्याची लांबी चाळीस मिनिटांची असल्याने नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूवर तो अख्खा बसत असे, आणि इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात अशी एकच कॅसेट खोल्याखोल्यांतून फिरून घासून जाई. तरुण मंडळी मोबाइलवरून या संगीतापर्यंत आलेली आहेत. एक मुलगी ढोलपथकात ताशा वाजवते आणि तिचे कान आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट आहेत. पिअर्टला प्रत्यक्ष वाजवताना आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नाही.

आता संचाकडे वळतो. पहिली सीडी २०१५ साली ॲबी रोड स्टुडिओत केलेल्या सुधारित मुद्रणावरून घेतलेली आहे. आवाज स्वच्छ आहे, आणि मुख्य म्हणजे ड्रमचा एकेक भाग वेगळा ऐकू येतो. ‘टॉम सॉयर’ या गाण्याच्या मध्यावर सातच्या गतीतला वाद्यांचा भाग संपवताना पिअर्ट टॉम नावाच्या ड्रमांवर एकामागून एक ज्या उतरत्या फेऱ्या घेतो, त्यांतला प्रत्येक आघात येथे सुटा आणि गोल वाजतो. जुन्या कॅसेटवर हाच भाग एका गडगडाटात मिसळून गेलेला असे. आमच्या बैठकीत हा क्षण आला की बोलणे आपोआप थांबते आणि सगळ्यांचे हात हवेत, मांडीवर, सोफ्याच्या कडेवर एकाच वेळी तेच आघात करू लागतात. कोणीही ते कोणाकडून शिकलेले नाही. शोकाचा याहून खरा प्रकार मला माहीत नाही, आणि तो शक्य होतो याचे कारण पिअर्टच्या वादनाच्या स्वभावातच आहे : त्याचे ठेके आणि भरणी (म्हणजे ठेक्यांमधल्या जागा भरणाऱ्या आघातांच्या फेऱ्या) आधीपासून बांधलेल्या असतात, नीट रचलेल्या, घोटलेल्या आणि म्हणून इतरांच्या हातांत उतरू शकणाऱ्या.

याच मुद्द्यावर आमच्याकडे एकदा छान चर्चा झाली. मित्राच्या शेजारी तबल्याचे एक वयस्कर गुरुजी राहतात. आवाजाचा त्रास होत असेल म्हणून आम्ही त्यांची परवानगी घ्यायला गेलो, तर ते स्वतःच येऊन बसले. त्या वेळी ‘वायवायझेड’ लागले होते. ही शब्दांवाचूनची रचना आहे आणि तिची सुरुवात म्हणजे टोरांटो विमानतळाच्या तीन अक्षरी संकेताचे, लांब-आखूड आघातांच्या मोर्स लिपीतील रूप, जे पिअर्ट प्रथम क्रोटल नावाच्या लहान धातूच्या चकत्यांवर वाजवतो. लांब आघात दोनचा आणि आखूड एकचा धरला, तर पहिल्या अक्षराचे सात, दुसऱ्याचेही सात आणि तिसऱ्याचे सहा, असे मिळून वीस होतात. गुरुजींनी दोन आवर्तने डोळे मिटून ऐकली, बोटांच्या पेरांवर मोजली आणि म्हणाले, “अहो, हे दहातच आहे की! झपतालाएवढंच आवर्तन, पण खंड निराळे पाडलेत. अर्ध्या मात्रेच्या हिशेबानं सात, सात, सहा.” मग त्यांनी हातावर झपतालाची टाळी धरली आणि मोर्सचे आघात तोंडाने म्हटले. सम दर वेळी बिनचूक जुळत होती. ताशावाली मुलगी तर तिथल्या तिथे ते वाजवायलाच बसली.

पुढे मैफलीची सीडी लावल्यावर मात्र गुरुजींनी शंका काढली. “हा मंचावरही तेच वाजवतोय. मग त्याचं स्वतःचं त्या दिवशीचं काय?” आपल्याकडच्या श्रोत्याला हा प्रश्न पडणारच, कारण आपण वादकाकडून त्या घटकेला सुचलेल्या जागांची अपेक्षा करतो. रशच्या चाहत्यांची अपेक्षा उलट असते. ‘टॉम सॉयर’मधली ती भरणी मंचावरही जशीच्या तशी आली पाहिजे, आणि मार्च १९८१च्या त्या रात्री ती तशी येते, किंचित वाढलेल्या लयीत, स्वतःच्या गावच्या हजारो लोकांसमोर. बंदिश जशी पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते, तसा तो स्वतःच्या ठेक्यांना बंदिशीसारखा जपत असे. गुरुजींना हवे होते ते त्यांना पुढे मिळाले : मैफलीतल्या ‘वायवायझेड’च्या पोटात पिअर्टचे एकल वादन आहे, आणि तेथे तो स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवरच्या बारीक दाण्यांपासून टॉमच्या खर्जापर्यंत चढत-उतरत, मधेच घंटा छेडत, रचना आणि मोकळीक यांच्या सीमेवर खेळतो. चाळिशी ओलांडल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना, तो फ्रेडी ग्रूबर या ज्येष्ठ गुरूकडे नव्याने शिकायला गेला, काठी धरण्याची रीतसुद्धा त्याने बदलली, आणि उत्तरायुष्यात एकल वादनाचा बराच भाग उत्स्फूर्त ठेवू लागला, हे मी गुरुजींना सांगितले, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली आणि ती सीडी पुन्हा लावायला सांगितली.

गीतकार पिअर्टसाठीही हा संच पुरेसा आहे, पण त्यासाठी दिवा लावून, शब्द समोर ठेवून ऐकावे लागते. या सगळ्या ध्वनिमुद्रणांत गाणारा आवाज गेडीचा आहे आणि पिअर्ट आपल्याला भेटतो तो हातांतून आणि दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दांतून. ‘विच हंट’मध्ये भीतीने पेटलेल्या जमावाचे जे चित्र त्याने काढले आहे, ते आजही अंगावर येते. न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांवरची ‘द कॅमेरा आय’ ही दहा मिनिटांहून लांब रचना मला या अल्बममध्ये सर्वांत प्रिय आहे, आणि तिचे प्रत्यक्ष मैफलीतील रूप येथे मिळते यासाठीच मी हा संच पुन्हा विकत घेईन.

या आवृत्तीसाठी काही संगीतकारांनी टिपणे लिहिली आहेत. त्यांत फू फायटर्स या रॉक बँडचा ड्रमवादक टेलर हॉकिन्स आहे. २०१३ साली रशला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेताना आपला बँडमधला साथीदार डेव्ह ग्रोल याच्यासह भाषण करणारा हाच. टोरांटोच्या या मैफलीला बरोबर एक्केचाळीस वर्षे झाली त्याच तारखेला, २५ मार्च २०२२ रोजी, त्याचेही निधन झाले. आवृत्ती बाजारात यायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. एका ड्रमवादकाच्या आठवणीचा संच असा दोघांचा झाला.

२०२५च्या ऑक्टोबरात गेडी आणि ॲलेक्स यांनी अनिका निलेस या जर्मन ड्रमवादक स्त्रीसह २०२६ साली दौरा करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्यात मतभेद झाले. मला ते योग्य वाटले. ज्याने इतके बांधीव वादन मागे ठेवले, त्याची भरणी दुसऱ्या तयारीच्या हातांनी वाजवणे यात त्याचा अवमान नाही, आणि ज्यांना तुलना करायची असेल त्यांच्यापाशी मूळ पुरावा म्हणून ही १९८१ची मैफल आहेच.

उणिवा सांगायला हव्यात. ज्यांच्याकडे २०१५चे मुद्रण आहे त्यांना पहिल्या सीडीत नवे काहीही मिळणार नाही. मैफलीत गेडीचा उंच पट्टीतला आवाज अधिकच टोकदार होतो, आणि नवख्या श्रोत्याला तो सवयीचा व्हायला वेळ लागतो. संच आयात केलेला असल्याने स्वस्त पडत नाही. माझा तर चेपलेल्या कोपऱ्यासह घरी आला आणि विक्रेत्याने बदलून देण्याचे टाळले, तेव्हा वेष्टन उघडतानाच छायाचित्रे काढून ठेवावीत. पाच एलपींचा संच देखणा आहे, परंतु घरी चांगला टर्नटेबल नसेल तर तो खर्च करू नये. फ्लॅटमध्ये ऐकताना बेस ड्रम शेजारच्या भिंतीतून जातो, म्हणून रात्री दहानंतर हेडफोन लावावा. त्यात स्नेअरवरचे हलके आघात उलट जास्त चांगले ऐकू येतात.

‘एक्झिट... स्टेज लेफ्ट’ हा १९८१चाच मैफलीचा अल्बम ज्यांच्यापाशी आहे, ते विचारतील की हा संच कशाला. त्या अल्बममध्ये ‘लाइमलाइट’, ‘द कॅमेरा आय’ आणि ‘व्हायटल साइन्स’ नाहीत. येथे ती तिन्ही आहेत, आणि तीही रशच्या स्वतःच्या शहरातल्या रात्रीची. प्रथमच ऐकणाऱ्याने पहिली सीडी सलग ऐकावी आणि दुसऱ्या दिवशी मैफलीकडे वळावे. पिअर्टला वर्षानुवर्षे ऐकत आलेल्यांनी थेट मैफलीतले ‘वायवायझेड’ लावावे.