एक शेतकरी की दोन? डिकिन्सन कुठल्या प्रतीतून वाचावा

आमच्या वाचनकट्ट्यावर या हिवाळ्यात जॉन डिकिन्सनची 'पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याची पत्रं' घ्यायची ठरली आणि त्या दिवसापासून मला फोन सुरू झाले. "तुम्ही वाचलंय ना? मग कुठली प्रत घेऊ तेवढं सांगा." मी डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला राहतो आणि डिकिन्सनची कबर माझ्या दातांच्या डॉक्टरांच्या वाटेवर आहे, एवढ्याच भांडवलावर मी जाणकार ठरलो आहे. तेव्हा एकदाच लिहून टाकतो. डिकिन्सन म्हणजे अमेरिका ब्रिटिशांची वसाहत होती तेव्हाचा पेनसिल्व्हेनियातला वकील आणि पुढारी. ब्रिटिश पार्लमेंटने 1767 मध्ये चहासकट काही मालावर वसाहतींत जकात बसवली, ते टाउनशेंडचे कायदे. ही पत्रं त्यांच्याविरुद्ध.

पर्याय तीन. पहिला, पॉल लेस्टर फोर्ड यांनी संपादित केलेला आणि पेनसिल्व्हेनियाच्या हिस्टॉरिकल सोसायटीने 1895 मध्ये काढलेला जाडजूड खंड. त्यात 1764 ते 1774 एवढ्या काळातलं डिकिन्सनचं राजकीय लिखाण आहे आणि स्कॅन फुकट मिळतं. दुसरा, अलीकडचं एक सुटसुटीत पेपरबॅक. त्यात डिकिन्सनची बारा पत्रं आहेत आणि त्यांच्याच पाठीला पाठ लावून वीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका 'शेतकऱ्या'ची. तिसरा, डेलावेअर विद्यापीठाचा छापखाना 2020 पासून काढतो आहे तो संपूर्ण लिखाणाचा नवा संच.

तिसऱ्याचा निकाल आधी लावतो. काम फार मोलाचं आहे, पण पहिला खंड 1758 ला संपतो आणि दुसरा 1763 ला. पत्रं 1767 ची. म्हणजे हौसेने पहिले दोन खंड घरी आणलेत तरी शेतकरी अजून शेतावर पोचलेलाच नसतो. वाचनालयातून पहिला खंड मात्र जरूर आणा, तोही डिकिन्सनने लंडनहून आईवडिलांना लिहिलेल्या पत्रांसाठी. वकिली शिकायला गेलेला विशीतला पोरगा 1754 ची तिथली निवडणूक बघून हादरलाय. जो मतदार ऐकत नाही त्याला दारू पाजून पाजून बेशुद्ध ठेवतात, मतदान उरकेपर्यंत घरच्यांनाही त्याचा पत्ता नसतो, असं तो घरी कळवतो. आपल्या गावाकडच्या निवडणुका पाहिलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही, त्याला वाटलं होतं.

आता खरी लढत पहिल्या दोघांत.

पेपरबॅकबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण मी सुरुवात त्यातूनच केली. विल्मिंग्टन ते फिलाडेल्फिया गाडीने जाताना एका फेरीत एक पत्र नीट वाचून होतं, आणि ही पत्रं वाचायची पद्धतही तीच असावी. 2 डिसेंबर 1767 ला पहिलं पत्र फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात आलं, मग आठवड्याला एक या हिशेबाने हिवाळाभर बाराही आली. वसाहतींतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांपैकी चार सोडून बाकी सगळ्यांनी ती उचलून छापली. आपल्याकडे 'प्रभाकर'मधून लोकहितवादींची शतपत्रं येत होती तसंच काहीसं : टोपणनाव, आठवड्याचा रतीब, आणि लिहिणारा माणूस प्रतिष्ठित. फरक एवढाच की लोकहितवादींनी शेतकऱ्याचा वेष घेतला नाही. डिकिन्सनने पहिल्याच ओळीत तो घेतला. डेलावेअर नदीकाठी स्थायिक झालेला मी एक शेतकरी, गडीमाणसं थोडी, थोडा पैसा व्याजी लावलेला, वाचनाची आवड. प्रत्यक्षात हा लंडनच्या मिडल टेंपल या वकिलीच्या संस्थेत शिकलेला, चांगला श्रीमंत वकील.

शेतकऱ्याचा मुद्दाही आठवड्याच्या हप्त्यानेच नीट उतरतो. व्यापाराला वळण लावायला लावलेली जकात वेगळी आणि तिजोरी भरायला लावलेला कर वेगळा. पहिली पार्लमेंटने खुशाल घ्यावी, दुसरा आम्हाला न विचारता घेऊ नये, मग तो कागद, काच, शिसं, रंग आणि चहावर कितीही किरकोळ का असेना. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसाल तर उद्या मोठ्या रकमेला तोंड उघडायची सोय राहणार नाही, हे तो इतक्या शांतपणे सांगतो की आपल्यालाच त्याच्यापेक्षा जास्त राग येतो. तिसऱ्या पत्रात तर तो दंगाधोपा करणाऱ्यांनाच दटावतो. अर्ज करा, ऐकलं नाही तर त्यांचा माल घेणं बंद करा, पण हुल्लड नको. आणि सातव्या पत्राच्या शेवटी जवळजवळ बीजगणितासारखं मांडतो : ज्यांच्यावर त्यांच्या संमतीवाचून कर बसतो ते गुलाम, आपल्यावर तसा कर बसतो आहे, म्हणून आपण गुलाम. शेवटचा शब्द मोठ्या अक्षरांत. देवनागरीत मोठी अक्षरं नसतात, त्यामुळे कट्ट्यावर वाचून दाखवताना मी तिथे नुसता थांबतो.

(हे लिहिणाऱ्याच्या पदरी तेव्हा खरेखुरे गुलाम होते. 1777 मध्ये त्याने त्यांना अटी घालून मोकळं करायचा दस्त केला, बिनशर्त सुटका 1786 ची. डोव्हरजवळ त्याचं घर सरकारने जपलं आहे. त्याच जमिनीवर 2021 मध्ये तिथे राबलेल्या माणसांची दफनभूमी सापडली. सातवं पत्र वाचण्याआधी जमलं तर तिकडे एक चक्कर मारून या.)

तर पेपरबॅक हलकं, अक्षर स्वच्छ, पेन्सिलीने खुणा करायला समास मोकळा. तक्रार काय? तक्रार दुसऱ्या शेतकऱ्याची.

पहिला शेतकरी संपला की पान उलटून तुम्ही दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर जाता. हा 'फेडरल शेतकरी', 1787 चा, अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर टीका करणारा. हक्कांची सनद कुठे आहे, एवढ्या अफाट मुलखाला एवढेसे प्रतिनिधी कसे पुरणार, राज्यं हळूहळू गिळली जातील, हे त्याचे आक्षेप. लिखाण उत्तम आहे. ते व्हर्जिनियाचे पुढारी रिचर्ड हेन्री ली यांचं असं बरीच वर्षं धरलं जात होतं, आता अभ्यासकांना त्याबद्दल शंका आहे. ते काहीही असो, डिकिन्सनचं ते नाही. आणि एकाच मुखपृष्ठाखाली, एकाच टायपात, एकापाठोपाठ एक शेतकरी वाचले की डोक्यात ते एकच होतात. निदान माझ्या झाले. दोष प्रतीचा नाही, मुखपृष्ठावर दोन्ही नावं स्वच्छ छापली आहेत. गाडीत पेंगत वाचणाऱ्या माझा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच कट्ट्यावर मी मोठ्या ठसक्यात एक उतारा वाचला आणि म्हणालो, बघा, डिकिन्सन घटनेविषयी किती साशंक होता. एक निवृत्त काका कोपऱ्यात बसतात. इतिहास शिकवण्यात हयात गेली त्यांची. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "अहो, डिकिन्सन तर घटनेच्या बाजूने लिहीत होता. फेबियस कोण मग?" फेबियस! मला हे नावही माहीत नव्हतं.

1788 मध्ये डिकिन्सनने घटनेला मान्यता मिळावी म्हणून 'फेबियस' या नावाने नऊ पत्रं लिहिली. फेबियस म्हणजे समोरासमोर न भिडता शत्रूला दमवणारा रोमन सेनापती. ती रीत मराठी माणसाला शिकवायला नको. म्हणजे पहिला शेतकरी ज्या छावणीविरुद्ध लिहीत होता, दुसरा शेतकरी त्याच छावणीतला. आणि माझ्या प्रतीत ते दोघे सख्ख्या भावांसारखे नांदत होते. संपादकाचा हेतू वीस वर्षांतला विचारप्रवाह दाखवण्याचा असावा आणि तो गैर नाही. पण जो माणूस समजून घ्यायला मी पुस्तक उघडलं, त्याच्याऐवजी मला दुसराच हाती लागला, हे काही मनातून जात नाही. तोल झुकला तो इथे.

त्या दिवशी घरी येऊन मी फोर्डचं स्कॅन उघडलं.

फोर्डच्या खंडात सगळं सालवारीने आहे, आणि डिकिन्सनसारख्या माणसाला सालवारीच लागते. पहिल्यांदा भेटतं ते 1764 चं भाषण. राजाच्या सनदेने पेनसिल्व्हेनिया ज्यांच्या मालकीचा होता त्या पेन घराण्याकडून तो काढून घेऊन थेट राजाच्या ताब्यात द्या, असं बेंजामिन फ्रँकलिन आणि जोसेफ गॅलोवे यांचं म्हणणं. डिकिन्सनला पेन घराण्याचं प्रेम होतं असं नाही, पण सनद एकदा हातातून सोडली की हक्कही गेले, बदली काय मिळेल ते आधी ठरवा, असं तो बजावतो. गॅलोवेचं उलटं भाषण छापलं गेलं तेव्हा त्याला प्रस्तावना फ्रँकलिनची होती. मग चार वर्षांनी याच फ्रँकलिनने लंडनमध्ये शेतकऱ्याच्या पत्रांची आवृत्ती निघाली तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली. ही गंमत सुटं पुस्तक वाचताना हातची जाते. फोर्डमध्ये 1764 वाचून 1767 वर आलात की शेतकऱ्याचा सावधपणा भित्रेपणा वाटत नाही. हा माणूस पहिल्यापासून 'आधी पायाखालची जमीन बघा' म्हणणाराच आहे हे दिसतं. 2 जुलै 1776 ला स्वातंत्र्याच्या मतदानाला न जाणारा आणि मग लगोलग आपली पलटण घेऊन न्यू जर्सीकडे निघणारा डिकिन्सन त्यातूनच कळतो. स्वातंत्र्यासाठी आग्रही असलेल्या जॉन ॲडम्सने खासगी पत्रात त्याची क्षुल्लक बुद्धीचा म्हणून टर उडवली होती, ते पत्र इंग्रजांच्या हाती लागून छापून आलं. फोर्ड वाचून झाल्यावर मला तरी ॲडम्सचं ते बोलणं उतावळ्याचं वाटतं.

मधे 1765 मधली स्टँप ॲक्टच्या, म्हणजे कागदपत्रांवर मुद्रांक-कर लावणाऱ्या ब्रिटिश कायद्याच्या काळातली पुस्तिका आहे, त्या कायद्याला केलेल्या विरोधाला नावं ठेवणाऱ्या बार्बाडोसवाल्यांना दिलेलं खरमरीत उत्तर आहे, 1768 चं स्वातंत्र्यगीतही आहे. गीत एकदा वाचा. कवी म्हणून डिकिन्सन बेताचाच.

फोर्डचे दोष लपवत नाही. मोबाइलवर ते स्कॅन वाचणं म्हणजे दोन बोटांनी पान ताणत बसणं. मी घेतलेल्या स्कॅनमध्ये शब्दशोध भरवशाचा नव्हता, लॅटिन आलं की तो हात टेकायचा, आणि डिकिन्सन तर जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी लॅटिनचा तुकडा चिकटवतो. पहिल्या पत्राच्या शेवटचा तुकडा एकीने लहान गोष्टी मोठ्या होतात अशा अर्थाचा आहे, तो सापडायला मला पानं मोजावी लागली. आणि सगळ्यात मोठी अडचण, हा खंड 1774 ला थांबतो. पहिला खंड म्हणून निघाला, दुसरा आलाच नाही. राजाला केलेला शेवटचा अर्ज नाही, फेबियस नाही.

पण तोडगा फोर्डनेच आधी करून ठेवला आहे. 1888 मध्ये त्यांनी घटनेवरच्या पुस्तिकांचा एक संग्रह काढला होता, त्यात फेबियस आहे. आणि त्याच संग्रहात फेडरल शेतकरीही आहे. पण इथे तो वादातला एक पक्ष म्हणून बाकीच्यांच्या रांगेत उभा आहे, फेबियसच्या समोरच्या बाकावर. मी ज्याला डिकिन्सन समजून बसलो होतो तो इथे पहिल्या पानापासून वेगळा दिसतो. कोण कुणाशी भांडतंय हे कळलं की दोघेही जास्त आवडतात.

तेव्हा नुसती बारा पत्रं, गाडीत किंवा झोपण्याआधी, एवढंच हवं असेल तर पेपरबॅक घ्या, वाईट नाही. बारावं पत्र संपलं की तिथे एक जाड कागद घालून ठेवा, आणि पुढचा भाग महिनाभराने, वेगळं पुस्तक म्हणून वाचा. डोळे साथ देत असतील आणि घरी मोठा पडदा असेल तर मी फोर्डच सुचवीन. कागदावरच वाचायची सवय असलेल्यांनी माझ्यासारखं करा. अख्खा खंड छापू नका. 1764 चं भाषण, बारा पत्रं, आणि 1888 च्या संग्रहातला फेबियस एवढीच पानं कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून स्पायरल करून घ्या. ते पेपरबॅकपेक्षा काही फार महाग पडलं नाही.

काकांना मी तशीच एक प्रत करून दिली. माझी सध्या रिकामी आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा, फक्त 5 नोव्हेंबरच्या आत परत करा. पहिल्या पत्राखाली तीच तारीख आहे. 1688 मध्ये जेम्स राजाला हटवायला आलेला, पुढे राजा झालेला विल्यम इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला तो दिवस शेतकऱ्याने मुद्दाम धरला होता, म्हणून यंदा कट्टाही त्याच दिवशी सुरू करतोय. सातव्या पत्राच्या पानावर चहा सांडलेला आहे, त्यावरून कुणी विनोद करू नये.