तीन फ्लॅश, २३,५०० रुपये आणि "एस वन म्हणजे सेटअप वन"

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. बायको म्हणाली कशाला स्वतःचं हसं करून घेताय, गेले ते गेले. पण परवा एका पोराचा फोन आला, नवीन धंदा सुरू केलाय, सेकंडहँड फ्लॅशचा सेट कुठं बघू म्हणून, आणि त्याने ज्या माणसाचं वर्णन केलं ते ऐकून माझं डोकंच सणकलं. म्हणून लिहितोय. हसायचं असेल तर हसा, पण पूर्ण वाचा.

मी कराडचा. पंधरा वर्षं लग्नं करतोय. हे मुद्दाम आधीच सांगतो, कारण फसलेला माणूस नवखाच असतो असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो. २०२४ ला माझ्याकडे डिसेंबरच्या सात ऑर्डर होत्या आणि जुन्या दोन फ्लॅशपैकी एकाची ट्यूब गेलेली. नवीन तीन फ्लॅश, वर ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसतो आणि लांबचे फ्लॅश रेडिओने पेटवतो तो), एवढे पैसे एकदम काढणं शक्य नव्हतं, पोरीची कॉलेजची फी नुकतीच भरलेली. फेसबुकवर पुण्यातल्या एकाची जाहिरात दिसली, तीन फ्लॅश, एक ट्रिगर, बॅगसकट, २७,५००. फोनवर माणूस इतका गोड बोलला की विचारू नका. टोकन म्हणून ५,००० यूपीआयने घेतले, "नाहीतर संध्याकाळपर्यंत जाईल साहेब". हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. सीझन तोंडावर होता.

२३ नोव्हेंबरला गेलो. शनिवार, विधानसभेच्या निकालाचा दिवस. पेठेत जागोजागी गुलाल, डॉल्बी, रस्ते बंद, स्वारगेटवरून चालत गेलो अक्षरशः. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची आठ बाय दहाची खोली, पांढराशुभ्र रंग दिलेली. हा पांढरा रंग लक्षात ठेवा.

त्याने तीनही फ्लॅश मांडून ठेवले होते, सेल घालून, चालू करून. ट्रिगर त्याच्याच कॅमेऱ्यावर. पहिली सूचना इथेच, दुकानदाराने आधीच सगळं सेट करून ठेवलं असेल तर सगळं बंद करा आणि स्वतः पहिल्यापासून सेट करा. बटण दाबलं, तिन्ही एकदम पेटले. परत दाबलं, परत तिन्ही. दहा वेळा, वीस वेळा, एकही चुकला नाही. मी खूश. फ्लॅश ए, बी अशा ग्रुपमध्ये लावतात, म्हणजे प्रत्येकाची पॉवर ट्रिगरवरून वेगळी बदलता येते. मग त्याने ट्रिगरवरून ग्रुप ए ची पॉवर कमी-जास्त करून दाखवली, ती पण झाली.

आता ती वेळ सांगतो जी आठवली की अजून झोप उडते. मी वाकून दुसऱ्या फ्लॅशचा डिस्प्ले बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरात एस वन. तिसऱ्यावर पण एस वन. पहिल्यावर नाही. मी विचारलं, हो, मी विचारलं त्याला, एस वन का दाखवतंय? तो डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "एस वन म्हणजे सेटअप वन, साहेब. मेमरी असते त्यात."

आणि मी मान डोलावली!

ज्यांना माहीत आहे त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. एस वन म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की हा पेटणार, रेडिओचा काही संबंध नाही. अरे मी ज्या स्टुडिओत काम शिकलो तिथे छत्रीच्या लाईटला मागे तो काचेचा डोळा असायचा, आम्ही त्याला स्लेव्ह सेल म्हणायचो, पासपोर्ट फोटोचं अर्धं आयुष्य त्या डोळ्यावर काढलंय मी. तेच नवीन फ्लॅशमध्ये आत बसवलेलं असतं. पण रेडिओचं सगळं आल्यापासून हा प्रकार डोक्यातून पुसलाच गेला होता. त्या खोलीत रेडिओवर फक्त पहिला फ्लॅश पेटत होता, बाकीचे दोघं त्याचा उजेड बघून. पांढऱ्या भिंती, आठ बाय दहा, उजेड जाणार कुठं, चुकणार कसे ते!

मी म्हणलं होतं त्याला की ग्रुप बी कमी करून दाखवा. तेवढ्यात बाहेर मिरवणूक आली, त्याने शटर अर्धं ओढलं, म्हणाला आता गर्दी वाढेल, तुमची एसटी चुकेल, मी तुम्हाला व्हिडिओ पाठवतो सगळ्या सेटिंगचा. घासाघीस करून २३,५०० ला ठरलं, ५,००० दिलेले, उरलेले १८,५०० रोख. बिल? "बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे." मिळाला एक लेटरहेड नसलेला कागद, वर 'एस्टिमेट', खाली 'नो गॅरंटी नो रिटर्न'. व्हिडिओ आजपर्यंत आलेला नाही.

पहिलं मोठं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, खांबांचं जुनं कार्यालय. तिथे जो तमाशा झाला तो सविस्तर सांगतो, कारण ही लक्षणं ओळखता आली तर तुमचे पैसे वाचतील. मी दोन फ्लॅश स्टेजच्या दोन बाजूंना लावले, एक मागे खांबाआड. मी शटर दाबतो तेव्हा खांबाआडचा पेटत नाही. आणि मी शांत उभा आहे, जेवतोय म्हणा ना, तर माझे दोन फ्लॅश आपोआप पेटतायत! मुलाकडचा फोटोग्राफर वेगळा होता. थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला, वैतागून, "दादा, माझ्या फोटोत तुमची लाईट कशी काय येते?" मी त्यालाच म्हणलं की तुमच्या ट्रिगरचा रेडिओ चॅनल माझ्याशी मॅच झाला असेल, बदला. त्याने बदलला. बिचारा. त्याच्या प्रत्येक फोटोला माझे दोन फ्लॅश इमानदारीने पेटत होते, त्याच्या उजेडाने, चॅनलचा संबंधच नव्हता. त्यात माझे सेल तासाभरात बसले.

त्याहून वाईट म्हणजे एंट्रीला मी टीटीएल लावलं, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो ते सेटिंग. डोळ्याला तिन्ही फ्लॅश पेटलेले दिसतात आणि फोटोत फक्त एकाचाच उजेड. टीटीएलमध्ये मुख्य उजेडाच्या आधी एक बारीक प्री-फ्लॅश जातो, एस वनवाला तो बघूनच पेटून मोकळा होतो, शटर उघडेपर्यंत ह्याचं काम संपलेलं. पेटताना दिसतोय पण फोटोत नाही, असं झालं की समजा फ्लॅश उजेडावर चाललाय. हे मला आज कळतंय. त्या दिवशी मी कॅमेऱ्याला शिव्या देत होतो.

अंतरपाट खाली आला तो क्षण, अक्षता हवेत, गुरुजी ओरडतायत शुभमंगल सावधान, अख्ख्या हॉलमध्ये सावध नव्हतो तो मी एकटा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळा, नवरीच्या मुंडावळ्यांची सावली नाकावर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवून कसेबसे काढले, दाणे दाणे आले. पार्टीने १२,००० कापले. मी वाद घातला नाही, कुठल्या तोंडाने घालणार.

घरी आल्यावर मी ट्रिगरच्या मागे लागलो. फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवर विचारलं तर ज्ञानी लोकांचा पूर आला. कोण म्हणे कार्यालयाचं वायफाय पण २.४ गिगाहर्ट्झवर आणि ट्रिगर पण, त्यामुळे मारामारी होते. कोण म्हणे ट्रिगर फ्लॅशच्या फार जवळ असेल तर जवळच्या अंतराचं वेगळं सेटिंग असतं, शून्य ते तीस मीटर, ते लावा. कोण म्हणे गर्दीत माणसांच्या अंगातलं पाणी सिग्नल खातं. हे सगळं खरं आहे बरं का, खोटं एकही नाही, म्हणूनच तर मी फसत गेलो. १ ते ३२ सगळे चॅनल फिरवले. आयडी बदलला. हॉट शूचे, म्हणजे कॅमेऱ्यावर ट्रिगर बसतो त्या जागेचे, पिन खोडरबरने घासले. सेल कमी पडतात म्हणून चांगले रिचार्जेबल बारा सेल आणि चार्जर घेतला, ५,१५०. एकाने हॉट शूचा कॉन्टॅक्ट साफ करून दिला, ९०० घेतले. तरी तेच. मग ट्रिगरच खराब म्हणून दुसरा जुना घेतला, ३,८००. तरी तेच! फ्लॅशवर संशयच नाही, कारण डोळ्यासमोर दुकानात वीस वेळा पेटले होते ना.

शोध लावला आमच्या हेल्परने, वय वर्षे एकोणीस. जानेवारीत घरीच टेस्ट करत होतो, त्याला चहा आणायला जायचं होतं म्हणून त्याने जाता जाता पहिल्या फ्लॅशवर स्वतःची टोपी टाकली, डोळ्यावर येतोय म्हणाला. मी बटण दाबलं. पहिला टोपीखाली पेटला, बाकी दोघं गप्प. टोपी काढली, तिघं. टोपी घातली, एक. मी खुर्चीत बसलो तो पाच मिनिटं उठलोच नाही. मग बाकीच्या दोघांना रेडिओ स्लेव्हवर, म्हणजे ट्रिगरच्या सिग्नलवर पेटायच्या सेटिंगवर टाकलं, चॅनल-ग्रुप बरोबर लावून. ढिम्म. कोल्हापूरच्या मेकॅनिकने उघडले तर दोघांच्याही आतल्या रेडिओच्या बोर्डावर हिरवा गंज. म्हणाला पाण्यातला माल आहे, जुलैत पुण्यात पाणी शिरलं होतं त्यातला असणार.

त्यामुळे कुठेही टेस्ट करताना एक फ्लॅश सोडून बाकी सगळे बंद करा, मग एकेक चालू करून बघा. दुसऱ्या खोलीत नेऊन, दार लावून पेटवा, भिंतीतून रेडिओ जातो, उजेड जात नाही. आणि प्रत्येक ग्रुपची पॉवर ट्रिगरवरूनच बदलून बघा, उजेडावर चालणारा फ्लॅश ट्रिगरचं ऐकतच नाही. तीन मिनिटांचं काम आहे हो. तीन मिनिटं!

त्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला, म्हणाला तुम्ही चेक करून नेलेत. दुसऱ्यांदा ब्लॉक.

आता पुढचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब म्हणाले हा दिवाणी मामला, आणि घडलं पुण्यात, तिकडे जा. मी म्हणलं झिरो एफआयआर असते ना, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यातच आहे, हद्द कुठलीही असो नोंदवायची, फसवणुकीचं कलम ३१८ आहे. ते म्हणाले तुम्ही वकील आहात का? मी म्हणलं फोटोग्राफर आहे. "मग फोटो काढा." बाजूचा हवालदार हसला. एक अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडत नाही. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणे ऑनलाइन फक्त ५,००० गेलेत, आणि ते तुम्हीच पाठवलेत, बाकी रोख, आमच्याकडे कसं येणार. बँक म्हणे व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५, बाई चांगल्या बोलल्या, पण पहिला प्रश्न बिल आणि जीएसटी नंबर. माझ्याकडे एस्टिमेट.

शेवटी सातारला ग्राहक आयोगात चौकशीला गेलो. घराजवळच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, हे वाचून गेलो होतो. तिथला क्लार्क मान वर न करता म्हणाला, धंद्यासाठी घेतलंय ना, मग तुम्ही ग्राहक नाही. इथे मात्र माझा पारा चढला. २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. मी फोनवर काढून दाखवलं. तो म्हणाला हे युक्तिवादात मांडा, आधी ऑनलाइन भरा. ऑनलाइन भरायला बसलो तर कागद अपलोड होता होता साइट लटकते. रात्री दोनला एकदाची गेली तक्रार. तारीख अजून नाही. आणि आमची तालुक्याची फोटोग्राफर संघटना, दरवर्षी वर्गणी घेणारी? मेसेज टाकला, त्यावर सहा अंगठे आणि एक "काळजी घ्या".

हिशोब करा, २३,५०० आणि ५,१५० आणि ९०० आणि ३,८०० आणि पार्टीचे १२,०००, झाले ४५,३५०. पुण्याच्या, सातारच्या फेऱ्या धरल्या नाहीत, लाज धरली नाही. एवढ्या पैशात आणखी थोडी भर घालून नवीन आले असते, हे मला सांगू नका, घरी रोज ऐकतोय. रोख देऊ नका, एवढंच म्हणेन, आणि अठरा टक्के वाचवायला जाऊ नका, ते बिल मी तेव्हा घेतलं असतं तर आज निदान कुणी माझा फोन दोन मिनिटं धरला असता.

परवाच्या त्या पोराला मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगितला. तोच जिना, तीच पांढरी भिंत, वेगळे तीन फ्लॅश, किंमत २६,०००. फोटो मोठा करून बघितला. दोन डिस्प्लेंच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एस वन.