बँकेच्या सिमसाठी घेतलेला बटणांचा फोन : दोन हंगाम वापरल्यानंतर

आमची निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. वर्षभराचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्या दिवसांतच येतो. व्यापाऱ्याचा आरटीजीएस जमा झाला की पुढचे काही आठवडे खात्यात जी रक्कम असते, ती उरलेल्या वर्षात कधी नसते. त्यातूनच पीक कर्ज भरायचं, कृषी सेवा केंद्राची उधारी फेडायची, मजुरांच्या टोळीचा हिशेब मिटवायचा आणि एप्रिल छाटणीला हात घालायचा. हे पैसे खात्यात असेपर्यंत मला धाकधूक असायची. ती कमी झाली एका साध्या बटणांच्या फोनामुळे. पिंपळगाव बसवंतच्या दुकानातून १,९०० रुपयांना घेतलेला आहे. एकाच साच्यातून काढल्यासारखे चार-पाच कंपन्यांचे फोन मिळतात, त्यामुळे नावापेक्षा तो कसा वापरायचा हेच सांगतो.

घ्यायचं कारण घडलं ऑगस्ट २०२४ मध्ये. माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, फवारणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. त्या ग्रुपवर पीएम किसानची यादी म्हणून एक फाईल आली. पाठवणारा ओळखीचा शेतकरी होता, म्हणून नानांनी ती उघडली. ती यादी नव्हतीच, एपीके होती, म्हणजे फोनात नवं ॲप बसवणारी फाईल. ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, नानांनी दिली. मग हप्ता थांबलाय म्हणून आधार आणि एटीएम कार्डाचे आकडे मागितले, तेही भरले. २,००० रुपयांचा हप्ता, शेतकऱ्याला तो अडकला म्हटल्यावर घाई होतेच. संध्याकाळपर्यंत तीन वेळा मिळून ६२,००० गेले. नानांनी कुणालाच ओटीपी सांगितला नव्हता. ओटीपी त्यांच्या फोनवर आले आणि त्या ॲपनं परस्पर पुढे धाडले. ज्याच्या नावानं फाईल आली त्याचं व्हॉट्सॲपही आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं होतं.

त्या रात्री नानांच्या ओट्यावर बसून मी एकच गोष्ट धरली. ज्या फोनात व्हॉट्सॲप, ग्रुप, फाईली, पोरांचे गेम, सगळं येतं, त्याच फोनात बँकेचा ओटीपी यायला नको.

आता आमची रचना अशी आहे. व्यापाऱ्याचा पैसा ज्या खात्यात येतो, त्याला जोडलेलं सिम फक्त बटणांच्या फोनात आहे. त्या नंबरावर व्हॉट्सॲप नाही आणि घरच्या चौघांशिवाय तो कुणाला ठाऊक नाही. व्यापाऱ्याला खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरतो, मोबाईल नंबर लागत नाही. या खात्याचं यूपीआय मी आधी ॲपमधून काढलं आणि मग शाखेत अर्ज देऊन मोबाईल बँकिंगही बंद करून घेतलं. रोजच्या खर्चाला दुसऱ्या बँकेत छोटं खातं आहे. त्याचा नंबर स्मार्टफोनात, यूपीआय त्यावर, आणि शिल्लक कधी पंधरा हजारांच्या वर जाऊ देत नाही. त्यात पैसे टाकायचे तर मुलीच्या लॅपटॉपवर नेटबँकिंग उघडायचं, ओटीपी बटणांच्या फोनवर बघायचा आणि हाताने टाकायचा. बँकेचा पत्ता आम्ही स्वतः टाइप करतो, शोधून आलेल्या यादीतून कधी उघडत नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. त्यामुळे पत्त्याचा शेवट बघण्याची एक सोपी सवय लागली आहे.

फोन म्हणून तो कसा आहे? चार्जिंग आम्हाला आठवड्यातून दोनदा लागतं. बटणं मोठी आहेत, माझ्या बायकोला चष्म्याशिवाय आकडे दिसतात, आणि मेसेज आला की आवाज अंगणात ऐकू येतो. घेताना फोरजी आहे का ते बघून घ्या. जिओचं सिम टूजी फोनात चालतच नाही, आणि दुकानात स्वस्तातले बरेच फोन अजून टूजीचेच असतात. रिचार्जही नेटचा लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवायला कंपन्यांना सांगितलं, तसाच आम्ही मारतो. रिचार्ज मात्र चुकवायचा नाही. नंबर बंद पडून पुढे दुसऱ्याला गेला तर खात्याचे मेसेज त्याच्याकडे जातील.

आता खोट. मागच्या मार्चमध्ये एका बाजूला व्यापाऱ्याचा पैसा जमा झालेला, दुसऱ्या बाजूला पीक कर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि ओटीपी येईना. तीनदा मागवला. शाखेत फोन लावला, तिथून उत्तर मिळालं की आमच्याकडून गेलाय. अर्ध्या तासानं मुलीच्या लक्षात आलं की फोनाची एसएमएसची जागा भरली आहे. स्मार्टफोनात हजारो मेसेज साठतात, इथे मोजके बसतात आणि भरल्यावर फोन नवा मेसेज घेत नाही, वर एक बारीक पाकिटाचं चित्र लुकलुकत राहतं. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही. तेव्हापासून दर रविवारी जमा-खर्चाचे मेसेज वहीत उतरवायचे आणि फोनातले पुसायचे, हे काम मुलीनं घेतलंय. वहीचा फायदा असा झाला की हिशेबही आठवड्याच्या आठवड्याला जुळतो. दुसरी खोट, मराठीतले मेसेज आमच्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. तुमची बँक मराठीत मेसेज पाठवत असेल तर दुकानातच सिम घालून, एक मराठी मेसेज मागवून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

आणखी एक गोष्ट फोन घेतल्या दिवशीच करा. सेटिंगमध्ये सिमला पिन लावा. फोन चोरीला गेला आणि चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं, तरी पिनशिवाय ते चालत नाही. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, लागतो, म्हणून पिन घरातल्या दोघांना तोंडपाठ पाहिजे. स्क्रीनला लावलेलं लॉक सिमचं काही रक्षण करत नाही, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. हल्ली काही बटणांच्या फोनांत यूपीआयची सोयही देतात. साध्या फोनासाठी यूपीआय १२३ पे २०२२ पासूनच आहे. ज्याला गरज आहे त्यानं जरूर वापरावं, पण मोठ्या खात्याच्या फोनात ते सुरू केलं तर हा सगळा खटाटोप वाया गेला.

हा फोन काय अडवत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं, कारण फोन घेऊन माणूस निर्धास्त झाला तर ते जास्त धोक्याचं. कुणी गोड बोलून तोंडी ओटीपी काढून घेतला तर फोन काही करू शकत नाही. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या कॉलना १६०० नं सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत, म्हणून दहा आकडी मोबाईलवरून कुणी बँकेतून बोलतोय म्हणाला की आम्ही फोन ठेवतो. दुसरं, तुमच्या नावाचं नवं सिम कुणी काढलं तर जुनं बंद पडतं. त्यासाठी नियम आहेत. नव्या सिमवर कंपनीनं पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचे, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पण हे २४ तास उपयोगी पडायचे तर आपल्याला कळलं पाहिजे. स्मार्टफोनवर घरचं वायफाय असेल तर व्हॉट्सॲप चालूच राहतं आणि सिम मेल्याचं लक्षातही येत नाही. बटणांच्या फोनावर रेंजच्या काड्या गेल्या की तो मुका होतो. आमच्याकडे नियम आहे, घरात असताना काड्या गेल्या आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनाला रेंज असेल, तर लगेच कंपनीला आणि बँकेला फोन.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि शेतकऱ्यांनी तर नक्की ऐकावं. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेनं नेमलेल्या एजंटाकडे, आधार नंबर आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात, तिथे ओटीपी लागत नाही. आपले अंगठे खरेदीखतांवर उमटलेले असतात. नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून, त्यांचे नकली अंगठे बनवून असे पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघड झालेले आहेत. यावर उपाय आधारचं बायोमेट्रिक लॉक. माय आधारच्या संकेतस्थळावर किंवा आधारच्या ॲपवर ते फुकट लागतं. लागलं की अंगठा, बुबुळ, चेहरा, काहीच चालत नाही. अडचण एकच, रेशन दुकानातल्या यंत्रावरही अंगठा चालत नाही. आईला पहिल्या महिन्यात रेशन न घेता परत यावं लागलं, ती माझ्यावर रागावली आणि बरोबर रागावली. आता ती दुकानाच्या रांगेत पुढे सरकली की मुलगी घरून लॉक उघडते. दहा मिनिटांसाठी उघडतं, मग आपोआप बंद. उघडायला लागणारा ओटीपीही याच बटणांच्या फोनवर येतो.

कार्डाबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे प्रत्येक बँकेला कार्डाचे ऑनलाईन, परदेशातले आणि टॅप करून होणारे व्यवहार चालू-बंद करायची सोय द्यावी लागते. मी तिन्ही बंद ठेवलेत आणि एटीएमची रोजची मर्यादा दहा हजार केली. ॲप नसलं तरी नेटबँकिंगवरून जमतं. नानांच्या कार्डाचा ऑनलाईन व्यवहार त्या दिवशी बंद असता, तर ओटीपी चोरूनही त्या वाटेनं पैसे निघाले नसते.

नानांचं पुढे काय झालं हे विचाराल म्हणून सांगतो. आम्ही त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी नंबरला, फोन लावला. पलीकडच्या ताईंनी मराठीत, न चिडता, व्यवहारांचे क्रमांक, वेळा, रकमा लिहून घेतल्या. ६२,००० पैकी १९,००० समोरच्या खात्यात गोठवले गेले आणि पुढे कोर्टाच्या आदेशानं परत आले. बाकीचे तोवर पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. नानांच्या बँकेनं उरलेल्या रकमेला हात वर केले. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. चूक ना आपली ना बँकेची, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नाही. आपण स्वतः आकडे दिले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून फोन लावल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक त्याच क्षणी लिहून ठेवा. नानांनी तो लिहून घेतला नव्हता.

घ्यावा का? ज्याच्या खात्यात वर्षाचा पैसा एकदम येतो, किंवा ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसाचं पेन्शन आहे, त्यांनी नक्की घ्यावा. ज्याला दिवसभर दुकानात त्याच खात्यावर यूपीआय घ्यायचं आहे, त्याला या पद्धतीचा जाच होईल. त्यानं निदान खाती दोन करावीत.

नानांनी गेल्या दिवाळीत असाच फोन घेतला. काकूंनी त्याला देवघराशेजारच्या कोनाड्यात जागा दिली आणि शेजारी खिळ्याला वही टांगली. पहिल्या पानावर काकूंच्या अक्षरात १९३० लिहिलंय, त्याखाली शाखेचा नंबर.