डावखुऱ्यांची कात्री: पाचपैकी साडेचार स्टार

कात्रीचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण मी चौतीस वर्षांची आहे आणि गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा आखलेल्या रेषेवर सरळ कागद कापला, म्हणून लिहितेय.

मी डावखुरी. शाळेत क्राफ्टच्या तासाला बाकीच्यांचे गोल म्हणजे गोल आणि माझे उंदराने कुरतडल्यासारखे. बाई वही उचलून सगळ्यांना दाखवायच्या. मग मी शहाणी झाले, ग्रुपमध्ये कापायचं काम आलं की आपणहून डिंक लावायला बसायचे. घरी पण तेच, "दे इकडे, तुला नाही जमायचं", आणि इतक्यांदा ऐकलं ना की नंतर कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणायला लागले, मी बाई वेंधळी आहे, मला नका देऊ.

तर भानगड अशी आहे की नेहमीच्या कात्रीची नुसती मूठ नाही, पातीच उजव्या हाताच्या हिशोबाने बसवलेली असतात. टोक समोर धरलं की उजवीकडचं पातं वर. उजव्या हाताने दाबलं की अंगठा आणि बोटांच्या जोराने पाती एकमेकांवर घट्ट बसतात आणि कागद कापला जातो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तो जोर उलट्या बाजूने लागतो, पाती फाकतात, कागद मधे दुमडून बसतो, आणि वरून ते वरचं पातं नेमकं रेषेच्या आड येतं, म्हणजे कापायचं ते पण अंदाजपंचे. या कात्रीत पाती अदलाबदल केलीयेत, आरशात दिसावी तशी. बाकी काही जादू नाही.

घेताना एक बघा. 'दोन्ही हातांसाठी' म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच कात्र्यांची फक्त मूठ सारखी असते, पाती उजवीच. मी दोनदा फसलेय. टोक समोर धरायचं, डावीकडचं पातं वर दिसलं तरच घ्यायची.

आणि हो, पहिला आठवडा वैताग येणार. मला वाटलं ही पण वाया गेली, कारण हिच्यातही कागद दुमडत होता!! मग लक्षात आलं की इतकी वर्षं उजवी कात्री चालवायला मी अंगठा आत ओढून पाती जबरदस्तीने जुळवायचे, शिकवलं कुणी नव्हतं, हाताने आपलं आपण शोधून काढलेलं, आणि या कात्रीत तीच सवय आडवी येते. अंगठा सैल सोडला आणि सुळकन कापलं. जरा रडूच आलं खरं तर, कात्रीवर रडणारी मी पहिलीच असेन.

धार मस्त, स्क्रू सुरुवातीला टाइट होता तो आठ दिवसांत सुटला. अर्धा स्टार कापला कारण अंगठ्याची रिंग लहान आहे, जास्त वेळ कापलं की वळ उठतो, आणि जाड कापडाचे दोन थर झेपत नाहीत.

बाकी दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, १३ ऑगस्टला आमचा दिवस पण असतो, पण आपल्या भाषेत अजून सरस निघाला तो 'उजवाच' ठरतो. असो.

परवा बहीण आली होती, ती उजवी. गिफ्टचा कागद कापायला तिने हीच कात्री उचलली, दोनदा दाबली, कागद दुमडला. तिने हाताकडे बघितलं पण नाही, लगेच म्हणाली, "अगं ही कात्री भंगार आहे, परत कर."